प्लास्टिकच्या टाकीला वेल्डिंग : पेट्रोलच्या वासापायी सव्वाचौदा हजार गेले

गाडीत पेट्रोलचा वास येतोय म्हणून कोणी गॅरेजला टाकणार असेल, तर आधी हे वाचा. माझे 14,250 रुपये गेले, वास जिथल्या तिथे राहिला, आणि बिलात लावलेलं एक काम तर त्या गाडीत होणंच शक्य नव्हतं.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. गाडी नऊ वर्षं जुनी, पेट्रोलवरची हॅचबॅक. मे महिन्यात वास सुरू झाला. पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या, कारण त्या मागे बसतात. मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफ जास्त तयार होते, आणि कुठे बारीकशी वाट असली तरी ती बाहेर पडते. माझ्या एक लक्षात आलं होतं : टाकी फुल्ल केली की वास जोरात, अर्ध्याखाली आली की जवळपास नाहीच. ही गोष्ट मी मेकॅनिकला स्वतःहून सांगितली. तो दुसऱ्याच दिवशी कामाला लागला, पण दुरुस्तीच्या नाही.

गॅरेज रिंग रोडवरचं, बाहेर गाड्यांची रांग, आत देवाचा फोटो, चहा लगेच. त्याने गाडीखाली हात घातला, ओलं बोट माझ्या नाकाजवळ धरलं. "पाहा ताई, टाकी पाझरून राहिली. आतून गंज धरला तिले. लेकरं बसतात ना गाडीत? रिस्क नका घेऊ." बोटाला पेट्रोलचाच वास होता. पण गॅरेजमध्ये पेट्रोलमध्ये भिजलेलं फडकं हाताशी असतंच, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार? शिवाय भीती खोटी नव्हती. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचते, आणि एक ठिणगी पुरते. अशा भीतीवरच हा धंदा चालतो.

गाडी परत मिळाली तेव्हा वास अजिबात नव्हता. बिल म्हणजे शिक्का मारलेली चिठ्ठी. फ्युएल पंप असेंब्ली 8,500, टाकी उतरवून गंज काढणे व वेल्डिंग 3,500, पाइप व क्लिप 750, मजुरी 1,500. जीएसटी नंबर नाही. जुना पंप मागितला तर "भंगारात गेला ताई, कालच उचलला भंगारवाल्यानं." काटा रिझर्व्हला टेकलेला होता. गाडी दिली तेव्हा टाकी भरलेली होती, कारण वास दाखवायचा होता. "वेल्डिंग करायचं म्हणजे टाकी रिकामी करावीच लागते ना." हे पटण्यासारखं होतं. अडीच-तीन हजारांचं पेट्रोल कुठे गेलं, यावर तो नुसता हसला.

खरी मेख इथे आहे. गळती टाकीच्या वरच्या भागात असेल, तर टाकी रिकामी केली की वास आपोआप जातो. काही दुरुस्त न करता गाडी "बरी" करून दाखवता येते, आणि वरून पेट्रोलही मिळतं. मी पुढच्या वेळी टाकी फुल्ल केली आणि खापरीच्या पुढे जाईपर्यंत काचा खाली कराव्या लागल्या.

परत गेले तर सूर बदललेला. "ई-20 पेट्रोलमुळे सगळ्याच गाड्यांत होऊन राहिलं. आता कॅनिस्टर बदलावं लागीन, साडेसहा हजार." कॅनिस्टर म्हणजे टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा, आणि ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांतल्या रबरावर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे. पण मग कुठलं रबर खराब झालं ते दाखवा ना! ते दाखवायची त्याची तयारी नव्हती.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने नंदनवनच्या एका मेकॅनिक काकांकडे पाठवलं. त्यांनी आधी हात लावला नाही, प्रश्न विचारले. वास पुढून येतो की मागून? चालू गाडीत की उभ्या? टाकी भरल्यावर की कायम? त्यांचं म्हणणं असं : पुढून, एसी लावल्यावर वास येत असेल तर इंजिनकडे बघायचं. इंजेक्टरचे सील, तिथला पाइप, पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली नळी. टाकीतल्या फ्युएल पंपापासून इंजिनपर्यंतच्या लाइनमध्ये प्रेशर असतं, तिथली गळती सगळ्यांत वाईट. तसा वास असेल तर गाडी चालवतच आणायची नाही, टो करून आणायची. झाकणापाशीच वास असेल तर झाकणाचं रबर. मागून आणि फुल्ल टाकीवर येत असेल तर पंपाचं सील किंवा टाकीत पेट्रोल जाणारी नळी. पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद (कट-ऑफ) झाल्यावरही "राउंड फिगर करू का?" म्हणून भरत राहिलं, तर जादा पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि ते निकामी होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी त्या दिवसापासून राउंड फिगर बंद केलं.

मग त्यांनी मागची सीट काढली. आमच्या गाडीत टाकीतल्या फ्युएल पंपापर्यंत पोचायला तिथेच एक पत्र्याचं झाकण आहे. झाकणावर आणि खाली पंपाच्या रिंगवर नऊ वर्षांची धूळ जशीच्या तशी, एका कडेला मात्र पेट्रोलने ओली होऊन काळी पडलेली. काका म्हणाले, "बाई, हे कंपनीतून निघाल्यावर कोणी उघडलंच नाही. पुसायच्या आधी फोटो काढून घ्या." पुढे गाडी वर घेतली, टाकीवर बोटाने टकटक केलं. टाकी प्लास्टिकची. तिला गंज चढत नाही आणि तिचं वेल्डिंग करून 3,500 घेणारा माणूस तुम्हाला मूर्ख समजत असतो.

बिघाड होता पंपाच्या सीलमध्ये. कुकरच्या झाकणाला असते तशी रबरी रिंग, कडक होऊन तडकलेली. नवीन सील 220, मजुरी 400. टाकी तिथल्याच पंपावरून काठोकाठ नाही, पण कट-ऑफपर्यंत भरली, गाडी तासभर उन्हात उभी केली, मगच पैसे घेतले. वासाच्या कामात ही शेवटची पायरी कुठल्याही गॅरेजकडून करून घ्या. काम सुरू व्हायच्या आधी पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा, जॉब कार्डवर "जुने पार्ट परत" असं लिहून घ्या, आणि टाकी पत्र्याची की प्लास्टिकची हे विचारून ठेवा.

पैसे मी फोनवरून दिले होते, त्यामुळे निदान पुरावा आहे. खात्याचं नाव दुसऱ्याच कोणाचं निघालं, तरीही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजने उत्तर दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी केली. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. काकांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं की टाकी प्लास्टिकची आहे आणि पंप उघडल्याची खूण नाही. असं लेखी द्यायला दुसरे मेकॅनिक सहसा तयार होत नाहीत, म्हणून त्यांचे उपकार मोठे.

नोटीस गेल्यावर मात्र फोन आला. आता मी "ताई" नव्हते, "मॅडम" होते. पोरगा काम सोडून गेला, त्यानेच घोळ केला, सात हजार घ्या आणि मिटवा. मी कळवलंय की पूर्ण 14,250 पाहिजेत, आणि टाकीतून काढलेल्या पेट्रोलचे वेगळे.