रूट कॅनॉल खरंच लागेल का? दुसऱ्या मतासाठी दंत महाविद्यालयाची ओपीडी

दाढेला रूट कॅनॉल सांगितलंय आणि मन घेत नाही, अशा वेळी दंत महाविद्यालयाची ओपीडी गाठावी. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर दंत महाविद्यालय ही दोन सोयीची. तुमच्या दाढेवर तिथे कुणाचं उत्पन्न अवलंबून नसतं, हा पहिला फायदा.

केसपेपर काढला की आधी प्राथमिक तपासणी आणि एक्स-रे, मग कॉन्झर्व्हेटिव्ह विभाग, म्हणजे फिलिंग आणि रूट कॅनॉलचा. इथे येण्याचं खरं कारण हा विभाग. नुसता एक्स-रे दाखवून ‘कीड दाताच्या नसेपर्यंत गेलीय’ म्हणणं पुरेसं नाही. नस जिवंत आहे की मेली, हे एक्स-रेत दिसतच नाही. उलट कधी तो फसवतोही. खालच्या उपदाढेच्या मुळाशी जबड्याच्या हाडातलं नैसर्गिक छिद्र असतं, ते एक्स-रेत अगदी गळवासारखं काळं उमटतं.

म्हणून थंडाची चाचणी. दाढ कोरडी करून थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा टेकवतात, पण आधी शेजारच्या निरोगी दाढेवर, कारण तुलनेशिवाय या चाचणीला अर्थ नाही. कळ आली आणि बोळा काढताच विरली, तर नस सावरण्यासारखी आहे, बहुधा फिलिंगवर भागतं. बोळा काढल्यावरही अर्धा मिनिट ठणकत राहिली, तर नस आता पूर्ववत होणं कठीण. काहीच जाणवलं नाही, तर नस मेल्याचा संशय. मात्र उतारवयात किंवा कॅप असलेल्या दाढेत जिवंत नसही गप्प बसते, त्यामुळे विजेच्या यंत्रानेही पडताळतात (कॅपवर मात्र ते चालत नाही). मग आरशाच्या दांड्याने ठोकून बघणं, हिरडीची खोली मोजणं, आणि दाढेच्या एकेका टोकावर चावायला लावणं. चावा सोडताना सणक गेली तर दाढेला चीर असू शकते, आणि चीर मुळात खोल उतरली असेल तर रूट कॅनॉल करूनही दाढ वाचत नाही.

कीड खोल आहे पण आपोआप दुखत नाही, थंडाची कळ क्षणभरच राहते, अशा दाढेत नसेलगतचा थोडा किडका थर मुद्दाम ठेवून त्यावर औषधी सिमेंट भरता येतं. हा पर्याय तुमच्या दाढेला का चालणार नाही, हे स्पष्ट विचारा. वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखतात आणि वाकल्यावर वाढतं, तर आधी सायनस बघायला हवा. याउलट रात्री ठणक्याने जाग येणं, गरम लागताच कळ येणं, हिरडीवर पू येणारी पुटकुळी, ही लक्षणं असतील तर टाळाटाळ महागात पडते. ठणका आपोआप थांबला म्हणून खूश होऊ नका, बरेचदा नस मेलेली असते. अँटिबायोटिकने सुजलेली नस बरी होत नाही.

उणीव वेळेची. रांगा लांब. उपचार शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, खेपा बऱ्याच होतात, आणि कॅपसाठी वेगळा विभाग, वेगळी रांग. तिथेच कंटाळून कॅप राहते आणि पोकळ झालेली दाढ फुटते. नोकरदारांनी दाढेचं निदान इथे करून उपचार बाहेर खासगीत घ्यायला हरकत नाही. बाहेर मात्र दोन गोष्टी विचाराव्यात: रबर डॅम (दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा) लावणार का, आणि वरच्या पहिल्या दाढेत चौथा कालवा (मुळातली नसेची नळी) शोधणार का. तो सुटला की दाढ वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दुखू शकते.

जाताना आधीचा एक्स-रे न्या. त्या सकाळी पेनकिलर शक्यतो घेऊ नका. ती घेतली असेल तर थंडाची आणि ठोकण्याची, दोन्ही उत्तरं बदलू शकतात. घ्यावीच लागली तर तपासणाऱ्याला सांगा.