हिवाळ्यात न गोठणारं कोंबड्यांचं पाणी: घरी बनवलेल्या भांड्यांचा ५ महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबर ते मार्च असा पूर्ण हिवाळा वापरून झाला म्हणून आता लिहितेय. माझ्याकडे १२ कोंबड्या आणि एक कोंबडा, रात्री पारा उणे १२, कधी उणे १५. मागच्या वर्षीपर्यंत रोज सकाळी गरम पाण्याची किटली घेऊन खुराड्यात जायचं, भांडं आपटून बर्फ काढायचा, दुपारी परत तेच. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, अंड्यात तर पाऊण भाग पाणीच असतं, आणि पाणी मिळालं नाही की त्या दाणाही कमी खातात. दिवस लहान झाल्यामुळे अंडी घटतात हे आहेच, पण माझ्याकडे त्यात गोठलेल्या भांड्याचाही हात होता असं मला आता वाटतं.

पहिल्यांदा केलं ते डबा-बल्बचं. बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा, बाजूला भोक पाडून चिनी मातीचा होल्डर, आत ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब आणि डब्यावर पत्र्याचं पाण्याचं भांडं. एलईडी लावून उपयोग नाही, तो तेवढा तापतच नाही. डबा फरशीच्या तुकड्यावर ठेवायचा, भुशावर अजिबात नाही, आगीची भीती असते. दिवसाला जवळपास १ युनिट जातं. उणे ७-८ पर्यंत छान चाललं, पण एका रात्री बल्ब उडाला आणि बाहेरून काही कळायला मार्गच नाही, सकाळी बघते तर अख्खं भांडं दगड. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. भांडं उघडं असल्यामुळे कोंबड्याच्या गळ्याखालची लाल लोंबती कातडी प्रत्येक वेळी पाण्यात बुडायची, ओली कातडी त्या थंडीत गारठून तिची टोकं काळी पडली. ते बघून ठरवलं की उघडं पाणी बंद.

मग २० लिटरची झाकणाची बादली आणि निपल, म्हणजे चोच लागली की पाणी सोडणारी छोटी तोटी. इथे एक चूक केली, आधी बुडाला लावायचे उभे निपल घेतले. त्यातून थेंब गळतो, तिथेच गोठतो आणि निपल जाम. आडवे निपल घ्या, जे बादलीच्या बाजूला बसतात आणि आतली पिन चोचीने ढकलली की पाणी देतात. भोक साधारण ९ मिमीचं, पण निपलच्या पाकिटावर बघूनच ड्रिल लावा, जरा मोठं झालं की गळती सुरू. ४ लावले, ३-४ कोंबड्यांमागे एक पुरतो. बुडापासून ५ सेंटीमीटर वर लावले आणि बादली विटांवर ठेवली, म्हणजे निपल कोंबडीच्या पाठीच्या थोडं वर येतात. आणि झाकणाला बारीक भोक पाडायला विसरू नका!! मी झाकण घट्ट लावलं होतं, हवा आत जाईना म्हणून थोड्या वेळाने पाणी यायचंच थांबलं आणि मी अर्धा दिवस निपल खराब आहेत म्हणून उघडून बघत बसले.

आत बुडवायचा हीटर टाकलाय, २५० वॅट, प्लास्टिकला चालणारा, जाळीवाला. त्यातला थर्मोस्टॅट पाणी २ अंशांच्या आसपास गेलं की चालू करतो आणि ७ च्या आसपास बंद, त्यामुळे तो सतत जळत नाही. त्याआधी मत्स्यटाकीचा काचेचा हीटर वापरला होता, पण पाणी कमी झालं की तो उघडा पडून तापतो आणि काच तडकते, माझा तसाच गेला. वायर बाहेरून पत्र्याच्या पाइपमधून नेली कारण उंदीर, आणि प्लगच्या आधी वायरीला खाली झोल ठेवला म्हणजे पाणी ओघळलं तरी प्लगपर्यंत पोचत नाही. करंट गळला की सप्लाय तोडणारा आरसीसीबी त्या लाइनला असलाच पाहिजे, पाणी आणि वीज जवळजवळ आहेत.

शिकवायला ३ दिवस लागले. जुनं भांडं काढून घेतलं, बोटाने निपल टिचकला, निपलच्या लाल रंगाकडे त्या आपोआप चोच मारतात, दोघींना जमलं की बाकीच्या बघून शिकतात. तरी त्या दिवसांत सगळ्या पितायत ना हे लक्ष ठेवून बघा.

उणे १२ पर्यंत एकदाही अडलं नाही. उणे १५ ला दोन रात्री २ निपलच्या पिना अडकल्या, गरम पाण्याचं फडकं धरलं की मिनिटात सुटल्या. बादलीभोवती थर्माकोल गुंडाळला होता तो कोंबड्यांनी टोचून खायला सुरुवात केली, लगेच काढला आणि बादली दुसऱ्या मोठ्या बादलीत बसवून मधे जुनं गोधडीचं कापड भरलं, निपलपुरती खिडकी कापून. लाइट गेली तर बादलीतलं पाणी बरेच तास टिकतं पण निपल आधी गोठतात, म्हणून एक रबरी घमेलं जवळ ठेवलंय, त्यातला बर्फ उलटं करून दाबलं की निघतो. पाण्यात मीठ घालायचा सल्ला मिळेल, घालू नका, कोंबड्यांना जास्त मीठ बाधतं.

परवा बादली धुवायला काढली, आत हिरवट बुळबुळ धरली होती, ब्रशने निघाली. एका निपलचा वॉशर चेपलाय आणि थेंब येतोय, तेवढा बदलून ऑक्टोबरमध्ये हीच परत लावणार.