हाताने ढकलायचं टोकण यंत्र: नांगे भरायला घ्यावं का?

पेरणीनंतर आठवडाभरात आमच्या औसा तालुक्यात बांधाबांधावर एकच विषय असतो, सोयाबीन किती उगवलं. यंदा आमच्या खालच्या रानात उगवण फसली. पेरलं त्याच रात्री सर आली, माती दबली, वरून कडक ऊन पडलं आणि पापडी धरली. अण्णांचा निकाल तयार होता, "मोडून टाक, वखर फिरव अन् दुबार पेर." मला ते पटेना. एकराला ३० किलो बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं असा सगळा खर्च परत करायचा, आणि सोयाबीनच्या पेरणीची वेळ १५ जुलैपर्यंतच. उशिरा पेरलेलं पीक शेंगा भरायच्या वेळी सप्टेंबरच्या उघडिपीत सापडतं. म्हणून नांगे, म्हणजे तासातल्या न उगवलेल्या मोकळ्या जागा, भरायला साडेपाच हजाराला घेतलेलं टोकण यंत्र बाहेर काढलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकासारखा ड्रम, त्याच्या कडेला चोची, वर दोन हातांची मूठ. चाक फिरलं की चोच मातीत शिरते, उघडते आणि दाणा सोडते. आतली चकती बदलली की एका जागी एक किंवा दोन दाणे. चोची कमी-जास्त केल्या की अंतर बदलतं.

यंत्र चालवायच्या आधी रोपं मोजा. बांधावरून सगळं रान गेल्यासारखंच दिसतं. दोन तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, ४५ सेंमी आणि रोपांत ५ सेंमी अंतर धरलं तर मीटरभर तासात २० रोपं यायला हवीत. मी मीटरची काठी घेऊन रानभर फिरलो. वरच्या अंगाला सारखी १२-१३ भरली. तिथं हातच लावला नाही; वाण फुले संगम, पसरणारा, फांद्या करून जागा भरून काढतो. मधल्या भागात चांगली रोपं होती, पण मध्येच दोन-तीन पावलांचे मोकळे तुकडे. सखल पट्ट्यात मीटरला चार-पाच, तीही पिवळी. तेवढा पट्टा मोडला. अण्णा नाराज, पण गप्प. आणखी एक, पापडी बोटानं उचलून बघा. खाली वाकडे, जाड झालेले कोंब जिवंत असतील तर आधी पापडी फोडा आणि दोन दिवस वाट बघा.

आता यंत्राचं खरं काम. मोकळा तुकडा लांब असेल तर याला तोड नाही. वाकावं लागत नाही, दाणा तीन-चार सेंमीवर बरोबर पडतो, चोच पापडीतूनही आत जाते. पण चाक फिरेल तिथं दाणा पडतो, त्यामुळे रोप आलं की यंत्र उचलावं लागतं, आणि बियाण्यानं भरलेलं यंत्र दहा-बारा वेळा उचललं की खांदे बोलायला लागतात. दोन रोपांमधला वीतभर नांगा असेल तर सरळ खुरपं घ्या. आमच्या घरची मंडळी खुरप्यानं माझ्या पुढं गेली, हे खरं आहे.

काळ्या रानात वाफसा (चिखल ओसरून माती मोकळी होण्याइतकी ओल) नसताना हे यंत्र हातात धरू नका. चोचीत चिखल बसतो, चोच उघडतच नाही आणि आपण नुसतं चाक ढकलत राहतो. मागं वळून दाणा पडतोय का ते अधूनमधून उकरून बघायचं, खिशात एक जाड तार ठेवायची. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं ओलसर असेल तर चकतीला चिकटतं, सावलीत वाळवूनच भरा.

नांगे भरायला आठ-दहा दिवसांच्या पुढं जाऊ नका. मागाहून आलेलं रोप आधीच्या सावलीत खुरटतं, आणि काढणीला जुन्या शेंगा तडकायला आल्या तरी ही हिरवीच राहतात. मग राशीत ओला दाणा, आणि आडतीवर ओलाव्याची कटती.

पाचपैकी साडेतीन देईन. दोन-तीन एकरवाल्यानं घ्यावं. दहा-पंधरा एकर असेल तर ढकलून माणूस संपतो. खताचा डबा जोडलेला प्रकार मी मुद्दाम घेतला नाही, कारण नांगे भरताना वजन उचलायचंय आपल्यालाच. दुकानात चकत्या मोजून घ्या. मला दोन दाण्यांची मिळालीच नव्हती, ती मागून आणावी लागली. आणि चोचीच्या स्प्रिंगा चार जास्तीच्या मागा, हंगामात त्या मिळत नाहीत.