मीटर वाजलं म्हणजे भिंत सडली असं नाही: बडोद्यातला आमचा फसवणुकीचा अनुभव

बडोद्यात पावसाच्या तोंडावर सोसायट्यांमधून "भेज चेकिंग फ्री" (भेज म्हणजे ओल) अशी कार्डं वाटत फिरणारे लोक आहेत, त्यातल्या एकाने माझ्या आई-बाबांकडून ७३,१६० रुपये नेले आणि कोपऱ्यातली एक सुटलेली पट्टीसुद्धा धड बसवली नाही. तक्रार चालू आहे त्यामुळे माणसाचं आणि त्याच्या धंद्याचं नाव इथे लिहीत नाही, पण पद्धत पूर्ण सांगते, कारण त्याच बिल्डिंगमध्ये अजून एका घरी तो तेच सांगून गेला होता आणि एरव्ही सुद्धा ज्यांच्या घरी जिप्सम बोर्डचं काम आहे त्या कोणाच्याही बाबतीत हे होऊ शकतं.

आई-बाबांचं घर मांजलपूरला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. हॉलमधून जिप्समचं पार्टिशन घालून एक छोटी खोली काढलेली आहे, दादा घरून काम करायचा तेव्हा केलेली. म्हणजे आत पत्र्याचे चॅनल उभे, दोन्हीकडून साडेबारा एमएमचे बोर्ड स्क्रूने मारलेले, आणि जिथे दोन बोर्ड काटकोनात येतात त्या आतल्या कोपऱ्यात वरून खालपर्यंत कागदी टेप, त्यावर जॉइंटचं कंपाउंड, मग रंग. जूनच्या सुरुवातीला आईला दिसलं की तिथे छतापासून हातभर खालपर्यंत टेप फुगलीये, एका बाजूची कड सुटून बाहेर आलीये आणि आजूबाजूला चहा सांडल्यासारखा डाग पडलाय. बोट लावलं तर गार लागत होतं. आता लक्षात घ्या, पाऊस अजून आलेला नव्हता, नुसता तो पावसाआधीचा घामट उकाडा होता.

पण ओल म्हटलं की बडोद्यात आता माणूस लगेच घाबरतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून कितीतरी वर गेली, लोकांच्या घरात दिवसचे दिवस पाणी होतं, आमच्या किती ओळखीच्यांचं फर्निचर, कपाटं, भिंती सगळं गेलं. आई-बाबा वरच्या मजल्यावर म्हणून वाचले, पण तेव्हापासून भिंतीवर डाग दिसला की आईला झोप येत नाही, आणि या लोकांना ते बरोबर माहीत असतं. कार्ड लिफ्टच्या दारात खोचलेलं होतं, बाबांनी फोन केला, दुपारी माणूस हजर.

अगदी गोड बोलणारा. काका, मासी करत आत आला, हातात ओल दाखवणारं मोबाइलएवढं मीटर, सुया नसलेलं, नुसतं भिंतीला टेकवायचं असतं ते. कोपऱ्याला टेकवलं तर पीं पीं करून लाल दिवा. वर टेकवलं, खाली टेकवलं, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना टेकवलं, सगळीकडे लाल. "काका, आखी दिवाल गई छे," म्हणजे पूर्ण भिंतच गेलीये. मग म्हणाला हे धाब्याचं, म्हणजे वरच्या गच्चीचं पाणी आहे, स्लॅबमध्ये गेल्या वर्षीचा पाऊस साठून राहिलाय तो आता उतरतोय, आणि या पावसात वरचं सगळं खाली येईल, जे करायचं ते आठवड्याच्या आत. बाबांनी विचारलं सुद्धा की अहो पाऊस थांबून आठ महिने झाले, इथल्या उन्हाळ्यात स्लॅबवर पाय ठेवता येत नाही, पाणी राहील कसं? त्यावर त्याने परत मीटर टेकवलं आणि परत ते वाजलं. मशीन वाजतंय म्हटल्यावर पुढे बोलणं खुंटतं, आणि तिथेच त्यांचं काम होतं.

तर ते मीटर का वाजतं ते सांगते. अशी बिनसुयांची मीटरं भिंतीच्या आत काही सेंटिमीटरपर्यंतचं बघतात आणि आत धातू असेल तर कोरड्या भिंतीलाही ओल दाखवतात. आणि जिप्समच्या पार्टिशनच्या कोपऱ्यात तर धातू असतोच असतो, दोन्ही बोर्ड स्क्रूने धरायला तिथे दोन-दोन चॅनल उभे केलेले असतात. दादाने नंतर तसंच मीटर मागवलं आणि त्याच खोलीच्या समोरच्या कोपऱ्याला, जिथे कधी थेंब पडलेला नाही, टेकवलं तर लाल दिवा. तिथून वीतभर बाजूला सरकवलं, गप्प. परत चॅनलवर आणलं, परत लाल. आईने हे बघितलं तेव्हा ती काही बोललीच नाही, आणि मला त्या माणसाचा खरा राग तेव्हा आला, कारण तो हे रोज करतो, त्याला हे माहीत नसणं शक्य नाही.

कोटेशन होतं धाब्याच्या वॉटरप्रूफिंगचे ४८,००० आणि कोपऱ्याच्या रिपेअरचे १४,०००, वर १८ टक्के जीएसटी. १० वर्षांची गॅरंटी, शिक्का मारलेलं कार्ड. काम चालू करायच्या आधी अर्धे आणि बाकीचे "माल आणायला" म्हणून काम अर्धवट असतानाच. पैसे क्यूआर कोडवर, आणि स्क्रीनवर नाव आलं ते बिलावरच्या धंद्याचं नाही, कोणा तिसऱ्याच माणसाचं.

धाब्यावर काय केलं तर झाडून एक पांढरा पातळ हात मारला. वॉटरप्रूफिंगमध्ये आधी भेगा उघडून भरायच्या असतात, पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या कडेला जिथे भिंत आणि स्लॅब भेटतात तिथे गोलाई करून घ्यायची असते, कोटिंगचे निदान दोन हात, मधे जाळी, आणि शेवटी धाब्यावर पाणी अडवून एक-दोन दिवस ठेवून खाली काही उतरतंय का ते बघायचं असतं. यातलं काहीही नाही. पहिल्या मोठ्या पावसातच तो पांढरा रंग पाइपातून खाली वाहून आला, खालच्या मजल्यावरच्या लोकांनी येऊन दाखवला.

कोपऱ्याचं काम तर एका दुपारी उरकलं. मी त्या दिवशी तिथे होते, फोटो काढलेत म्हणून खात्रीने सांगते. जुनी फुगलेली टेप काढली नाही, पुट्टी ओढायच्या पत्र्याने दाबून बसवली, बोर्ड आतून मऊ पडलाय का ते बघितलंच नाही, वरून पीओपीत फेविकॉल कालवून कापडाची पट्टी चिकटवली, व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचा एक हात, पंख्याने वरवर सुकवलं आणि संध्याकाळी रंग. दिसायला एकदम चकाचक. मी विचारलं भाऊ डाग तर खालीच आहे, तर म्हणे "बेन, कलर मां दबाई जशे." पाण्याचा डाग साध्या पाण्याच्या रंगाखाली दबत नाही, रंगाच्या ओलीनेच तो विरघळून परत वर येतो, आणि आला, चार-सहा दिवसांत तीच चहाची कड रंगातून उमटली. मग पीओपीला उभी चीर गेली, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ती कापडाची पट्टी जुन्या टेपसकट सोललेल्या सालीसारखी खाली लोंबत होती. फोन लावला तर आधी "साहेब सुरतला गेलेत", नंतर नंबरच बंद.

मग बाबांच्या दांडिया बाजारातल्या मित्राने त्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री पाठवले, जिप्समचंच काम करतात, घरी मराठी बोलणारे. त्यांनी आल्या आल्या भिंतीला हातही लावला नाही, वर बघितलं आणि विचारलं, "काकू, एसी केव्हापासून चालू केलात?" त्या कोपऱ्याच्या बरोबर वर स्प्लिट एसी आहे आणि त्याचा पाण्याचा पाइप पार्टिशनच्या आतून जातो. डागाच्या कडेने त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली, तारीख लिहिली आणि म्हणाले एसी बंद ठेवा, मग लावा, काय होतं बघा. बंद होता तोवर डाग रेघेच्या आतच राहिला, चालू केल्यावर रेघ ओलांडून पुढे सरकला. एसीवाल्याने युनिटच्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतलं तर बाहेरच्या तोंडातून एक थेंब नाही, सगळं कोपऱ्यातून. पाइपात शेवाळाचा बुळबुळीत बोळा अडकला होता आणि पाणी ट्रेमधून ओसंडून बोर्डाच्या मागे उतरत होतं, आणि हवेत बाष्प वाढलं की एसीतून पाणीही जास्त पडतं म्हणून नेमकं जूनमध्ये दिसायला लागलं. साफ करायला ५०० रुपये. धाब्याचा याच्याशी काही संबंधच नव्हता.

पुढचं काम त्यांनी कसं केलं ते मी मुद्दाम नीट लिहिते, म्हणजे तुमच्याकडे कोणी करत असेल तर शेजारी उभं राहून ओळखता येईल. आधी टेपच्या दोन्ही कडांनी कटरने रेघ मारली, नाहीतर ओढताना चांगल्या भागाचा रंग आणि बोर्डाचा कागद पण फाटत येतो. मग सुटलेली टेप ओढत ओढत जिथे ती घट्ट चिकटलेली लागली तिथपर्यंत काढली, डाग संपला तिथपर्यंत नाही. खालचं कंपाउंड खरवडलं, ते भुसभुशीत झालं होतं, कारण जे कंपाउंड नुसतं वाळून घट्ट होतं ते पाणी लागलं की परत मऊ पडतं. मग अंगठ्याने बोर्ड दाबत गेले. एका बाजूला अंगठा आत गेला, मागच्या कागदावर काळी बुरशी, तेवढा तुकडा चॅनलपर्यंत चौकोनी कापून काढला आणि तिथे हिरवट रंगाचा, ओल सोसणारा बोर्ड स्क्रूने बसवला. फिनाइल-ब्लीच मारून बुरशीचा बोर्ड ठेवायचा नाही म्हणाले, कागदाच्या आत गेलेली ती जात नाही.

आणि मग ते निघून गेले! टेबल फॅन लावून ठेवा, पूर्ण सुकल्याशिवाय मी येणार नाही म्हणाले, आणि खरंच आले नाहीत. आल्यावर डागावर डाग अडवणारा ऑइलवाला प्रायमर मारला, फटीत पाण्यात कालवल्यावर आपोआप घट्ट होणारं कंपाउंड भरलं, तेही सुकू दिलं. मग कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना कंपाउंडचा पातळ थर, आणि कागदी टेप, तिच्या मधोमध घडीची रेघ आधीच पाडलेली असते, तिथून दुमडून कोपऱ्यात बसवली आणि पत्र्याने आधी एक बाजू मग दुसरी असं दाबत खालचा जास्तीचा माल बाहेर काढला, आत हवेचा फुगा राहिला तर तो पुढे फुटतो. त्या दिवशी बस्स एवढंच. दुसऱ्या दिवशी फक्त डाव्या बाजूला हात, तो वाळल्यावर पुढच्या खेपेला उजव्या बाजूला, कारण दोन्हीकडे एकदम ओला माल असला की एक बाजू ओढताना पत्र्याची कड दुसरी खरवडते. मग १५० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, प्रायमर, रंग. बोर्ड आणि मजुरी सगळं मिळून ४,५०० घेतले.

म्हणजे या कामात माल थोडा आणि वाट बघणं जास्त. टेपखालचा थर, वरचा एकेक हात, प्रत्येकाला सुकायला साधारण एक दिवस, दमट हवेत त्याहून जास्त, म्हणून ओल्या कोपऱ्याचं काम एका दुपारी संपवून संध्याकाळी रंग मारतो म्हणणाऱ्याने काहीतरी गाळलेलं असणारच. मीटर दाखवणाऱ्याला आधी दुसऱ्या खोलीतल्या कोरड्या कोपऱ्याला टेकवून दाखव म्हणायचं, एवढ्यानेच बरेच जण परत जातील. आणि सगळे पैसे शेवटचा हात वाळल्यावर, एसी, नळ, जे काय कारण असेल ते चालवून बघितल्यावरच.

बिलाचं राहिलं. त्यावर १५ अक्षरी जीएसटी नंबर होता. गुजरातचा नंबर २४ ने सुरू होतो, हाही २४ नेच होता म्हणून कोणाला शंका आली नाही, पण जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कोणालाही नंबर टाकून बघता येतो, तसा दादाने टाकला तर तो भलत्याच नावाचा, वेगळ्याच धंद्याचा आणि रद्द झालेला निघाला. म्हणजे ११,१६० रुपये कर म्हणून घेतले तेही खिशात. पैसे द्यायच्या आधी हे बघायला दोन मिनिटं लागतात.

आता चौकीत अर्ज दिलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, त्यामुळे समोरचा सुरतला गेला काय नि कुठे गेला काय, केस बडोद्यातच. वकिलांनी आमच्याकडे मागितलं ते हे: गॅरंटी कार्ड, बिल, यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअपवरचं कोटेशन, काम चालू असतानाचे फोटो, आणि मिस्त्रींकडून काय सडलं होतं आणि कारण काय निघालं ते सहीनिशी लिहून घेतलेलं. बिल्डिंगमधल्या त्या दुसऱ्या घरच्यांनीही कागद दिलेत. मांजलपूर, तरसाली, मकरपुरा या बाजूला कोणाकडे असं १० वर्षांचं शिक्क्याचं कार्ड आणि दुसऱ्याच नावाची यूपीआय पावती असेल तर फेकू नका, चौकीत आमच्यासारखाच अर्ज द्या, एकाच नंबरवर चार अर्ज आले की पोलिसांनाही तो नंबर शोधावा लागेल.