मुदत संपलेल्या औषधांबाबत आमच्या औषध दुकानाला किती ठाऊक आहे?

पुण्याच्या पश्चिम भागातील आमच्या नेहमीच्या औषध दुकानाविषयी हा अभिप्राय आहे. साठा, बिल आणि चिठ्ठी पाहिल्याशिवाय प्रतिजैविक न देण्याची शिस्त या बाबतीत दुकान उत्तम आहे. एका दीर्घ उपचारानंतर उरलेल्या गोळ्या, अर्धी सिरपची बाटली, इनहेलर आणि इन्सुलिनच्या सुया यांचे काय करावे, हे विचारल्यावर मात्र तेथील माहितीच्या मर्यादा उघड झाल्या.

काउंटरवरील तरुणाला दुकानातील मुदतबाह्य मालाचा मार्ग पाठ आहे: तो माल वेगळ्या खोक्यात ठेवला जातो आणि स्टॉकिस्टमार्फत कंपनीकडे परत जाऊन त्याचे पैसे वळते होतात. गोळ्यांची कापलेली पट्टी या साखळीत बसत नाही, म्हणून ती परत घेता येणार नाही, हेही त्याने नम्रपणे सांगितले. त्यानंतर त्याने दिलेला सल्ला, म्हणजे गोळ्या कचऱ्यात टाका आणि सिरप बेसिनमध्ये ओता, हा मात्र सरसकट चुकीचा होता. घरातील मुदतबाह्य औषधे आणि वापरलेल्या सुया यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनीच घरगुती घातक कचऱ्यात घातले होते आणि त्या ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळ्या द्यायच्या असतात. शिवाय ते सिरप प्रतिजैविकाचे होते, आणि अशी औषधे सांडपाण्यात मिसळल्याने त्यांना न जुमानणारे जीवाणू वाढण्यास हातभार लागतो. ज्या मालाचे पैसे परत मिळतात त्याचेच ज्ञान दुकानात मुरते, असे मला यावरून वाटले.

सुदैवाने मालक स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहेत. सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून वेगळ्या द्याव्यात, इनहेलर भोसकू किंवा जाळू नये, हे त्यांनी न विचारता सांगितले. आमच्याकडील ट्रामाडोल हे तीव्र वेदनाशामक संडासात टाकून पाणी सोडा, असेही ते म्हणाले. सिरप बेसिनमध्ये ओतणे चूक असे वर म्हटल्यावर हे विचित्र वाटेल. परंतु केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत संडासातच टाकायच्या अशा १७ औषधांची यादी आहे, कारण ती घरातील दुसऱ्या कोणी चुकून घेतल्यास एक मात्राही जीवघेणी ठरू शकते.

केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोडला घरातील उरलेली औषधे गोळा करण्याचा ‘एनप्राउड’ उपक्रम सुरू केला. आमच्या दुकानात अशी औषधे टाकण्यासाठी पेटी नाही, आणि ती ठेवणे एकट्या दुकानदाराच्या हाती आहे असेही नाही, कारण पुढे ती औषधे जाळण्याच्या भट्टीपर्यंत नेणारी अधिकृत यंत्रणा लागते. पण भिंतीवर चार ओळींची सूचना लावणे आणि काउंटरवरील मुलांना तासभर शिकवणे निश्चित शक्य आहे.

विक्री आणि वागणुकीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, विल्हेवाटीच्या माहितीला दोन. उरलेल्या औषधांबद्दल विचारायचे असल्यास मालक हजर असताना, म्हणजे सायंकाळी जावे.