मध्यवस्ती की उपनगर? दहा-बारा वर्षांची मुलं घेऊन घर बदलताना

घर बघायला आपण जातो रविवारी सकाळी. रस्ते मोकळे, दिवाणखान्यात ऊन आलेलं, खाली चार पोरं सायकली फिरवताहेत. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्या घराशी त्यांची खरी गाठ पडते ती मंगळवारी संध्याकाळी चार ते आठ या वेळात. शाळा सुटलेली, आईबाबा कामावरून यायचे आहेत, क्लास पाचला, मैत्रीण दीड किलोमीटरवर. मी हा प्रश्न त्या चार तासांवरून सोडवायला सांगतो. खोल्या किती नि गॅलरी कुठल्या दिशेला, हे नंतर.

आणखी एक चूक सगळेच करतात, आम्हीही केली. घर आज समोर दिसणाऱ्या मुलासाठी निवडतो. झोपाळे, घसरगुंडी बघून खूश होतो. दहा वर्षांच्या मुलीला झोपाळ्याचा उपयोग फार तर वर्षभर, तोही त्यावर बसून गप्पा मारायला. घरात जम बसेपर्यंत ती तेरा वर्षांची झालेली असते.

एकट्यानं कुठवर जाता येतं

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे आहे. उपनगरात मुलांना मोकळीक लवकर मिळते आणि लवकर संपते. मध्यवस्तीत ती उशिरा मिळते, पण वाढत जाते.

आठ वर्षांचं मूल उपनगरात फाटकाच्या आत बिनधास्त हुंदडतं. आतल्या रस्त्यांवर गाड्या कमी, सगळे ओळखीचे, दिवे लागले की हाक मारायची. मध्यवस्तीत त्याच वयाच्या मुलाचा हात सोडायला आपला जीव होत नाही. पण बाराव्या-तेराव्या वर्षी पारडं फिरतं. मध्यवस्तीतलं मूल चालत वाचनालयात जातं, बस पकडून क्लासला जातं, वाटेत मित्राच्या घरी डोकावतं. उपनगरातल्या मुलाला फाटकाबाहेर लागतो तो सहापदरी रस्ता, आणि पुढची बस पाऊण तासानं. दहा ते बारा हे वय नेमकं या दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथलं आहे, म्हणून तर निवड अवघड.

आम्ही आधी उपनगर निवडलं. मुलगी अकराची, शाळा शहरात. पहिलं वर्ष झकास गेलं. संध्याकाळी तिला घरात ओढून आणावं लागे. दुसऱ्या वर्षी तिच्या मैत्रिणी शाळेतल्या झाल्या, पोहण्याची टीम लागली, आणि मी ड्रायव्हर झालो. एकदा मोजलं, आठवड्यात अकरा फेऱ्या. मागच्या सीटवर तिची वही, ओला टॉवेल आणि डबा कायमचे मुक्कामाला. पण मला खटकलं ते वेगळंच. पूर्वी ती विचारायची, “बाबा, जाऊ का?” आता विचारायला लागली, “बाबा, सोडशील का?” मी दमलेला दिसलो की तेही विचारेनाशी झाली.

झोपेचा हिशेब

घर बघताना हा कुणी मांडत नाही, आणि तो सोपा आहे. झोपेच्या तज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वयात ८ ते १० तास. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, लवकर झोप येत नाही. तो आळस नव्हे. आता शाळेची बस सव्वासहाला येत असेल तर उठायचं साडेपाचला. किमान ९ तास हवे असतील तर मूल रात्री साडेआठला गाढ झोपलेलं हवं. पोहून साडेसातला निघालेली मुलगी सव्वाआठला घरी पोचते. तिला जेवायला द्यायचं की थेट अंथरुणात घालायचं?

शाळा उपनगरातच, चालत दहा मिनिटांवर असेल तर हाच हिशेब उलटतो आणि उपनगर सहज जिंकतं. वर चालणंही होतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणाऱ्या हालचालीची शिफारस करते. झपझप चालत केलेल्या येण्याजाण्यात त्याचा बराचसा वाटा निघून जातो.

सुरक्षितता, हवा, आवाज

“शहरात पोरांना बाहेर सोडायची भीती वाटते,” हे वाक्य मी स्वतः शंभरदा म्हटलंय. पण ५ ते २९ या वयोगटात जगभर मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात हे आहे. म्हणजे भ्यायचंच तर आधी गाडीच्या वेगाला भ्यावं. पादचारी, सायकली आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. गजबजलेल्या अरुंद रस्त्यावर गाडी तशीही रांगतच असते. उपनगराच्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर ती सुसाट जाते, आणि पदपथ मध्येच गायब होतो. संध्याकाळी सातला बसथांब्यापासून फाटकापर्यंत चिटपाखरू नसतं, ही भर वेगळी. मध्यवस्तीत निदान चार दुकानं उघडी असतात. काही झालं तर आत शिरता येतं.

हवा आणि आवाजात मात्र मध्यवस्ती सहसा हरते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हवेतल्या सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक सरासरी मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. गर्दीच्या शहराला ती पाळणं फार कठीण. रात्रीच्या वाहनांचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, असं तिच्याच युरोप विभागाची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तरीही हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत गेलं की दोन्हींत जाणवण्याइतका फरक पडतो. हमरस्त्याला तोंड करून असलेल्या उपनगरातल्या घरापेक्षा शहरातली मागच्या बाजूची खोली शांत असू शकते. मुलाच्या खोलीची खिडकी उघडून पाच मिनिटं उभं राहा, तेवढं पुरतं.

मैत्री, आणि पुन्हा पुन्हा बिऱ्हाड हलवणं

डेन्मार्कमध्ये १९७१ ते १९९७ दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या. लहानपणी घर बदललेल्यांना पुढे मानसिक आजार, व्यसन, हिंसा यांचा धोका जास्त आढळला. बारा-चौदाच्या सुमारास, आणि तेही वरचेवर, घर बदललेल्यांत तो सर्वाधिक. घर बदलल्यामुळेच हे घडलं असं यातून सिद्ध होत नाही, आणि एका स्थलांतरानं मूल बिघडतं असा तर अर्थ मुळीच नाही. पण “आधी दोन वर्षं तिथे राहू, मग बघू” हा बेत या वयात महागात पडू शकतो. खात्री नसेल तर भाड्यानं राहा, मात्र असं घर बघा की पुढे ते सोडावं लागलं तरी शाळा तीच राहील. आम्ही दोनदा हललो. शाळा तीच होती म्हणून निभावलं.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. उपनगरात भाडं वाचतं आणि दुसऱ्या गाडीत, इंधनात जातं. किती, ते घरोघरी वेगळं. जागेच्या बाबतीत उपनगर सरळ पुढे. या वयात मुलांना बंद करता येणारं दार हवं असतं, ते तिथे परवडतं.

मग कुणी काय निवडावं

शाळा उपनगरातच असेल, आईबाबांपैकी एक जण पाचपर्यंत घरी येत असेल, धाकटं भावंड पाच-सहा वर्षांचं असेल, तर उपनगर घ्या, डोळे झाकून. फक्त संध्याकाळी साडेसहाला मैदानावर जाऊन तुमच्या मुलाच्या वयाची मुलं मोजा. मैदान सुंदर आणि सगळी पोरं चार वर्षांची, असं पुष्कळदा असतं. दोघांची कामं शहरात, घरी पोचायला आठ वाजणार, मुलाला एखाद्या गोष्टीचा नाद लागलेला, तर मध्यवस्तीतली लहान जागा बरी. चार ते आठ मूल मोठ्या घरात एकटं बसून राहण्यापेक्षा लहान घरातून बाहेर पडू शकलेलं चांगलं.

माझा स्वतःचा कल तिसरीकडेच आहे: स्टेशनजवळचं जुनं उपनगर, मोटारींच्या आधीच्या काळात वसलेलं. तिथे स्वतःची बाजारपेठ असते, शाळा चालत जाण्याजोगी असते, आणि शहरात न्यायला रेल्वे असते. घरं जुनी, लिफ्ट कुरकुरणारी. चालेल.

मुलांना विचारायचं जरूर, पण “कुठे राहायचं ते तू ठरव” असं ओझं टाकू नका. शाळेपासून होणाऱ्या घरापर्यंत त्यांना पुढे चालू द्या. आपण दहा पावलं मागे, तोंड बंद.

दुसऱ्या वेळी आम्ही हेच केलं. मुलगी भराभर चालत होती. एका चौकात मात्र थांबली. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी तिनं पाऊल टाकलं नाही, कारण डावीकडून वळणाऱ्या गाड्या थांबतच नव्हत्या. शेवटी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ठरवत आणलेलं घर त्या चौकाच्या पलीकडे होतं. ते सोडलं, आणि अलीकडची दोन बघितली. त्यातल्या एकात आता राहतो. स्वयंपाकघर अंधारं आहे.