साइड-आर्म ब्रॅकेट : पकड पक्की, बोल्ट मात्र बदलून घ्यावेत

जाळीदार टॉवरच्या उभ्या पायाला धरून अँटेना बाजूला उभा करता यावा, यासाठी मिळणारा दोन हातांचा साइड-आर्म ब्रॅकेट गेले काही महिने व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरींच्या) अँटेनासाठी वापरात आहे. या काळात जोरदार वारेही येऊन गेल्यामुळे त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

या ब्रॅकेटची सर्वांत जमेची बाजू म्हणजे त्याचा क्लॅम्प. साध्या यू-बोल्टमागे सपाट पट्टी असली, तर अँटेना धरणाऱ्या गोल पाइपला ती एकाच रेषेत टेकते. नट कितीही आवळले तरी वाऱ्याच्या झोतात पाइप हळूहळू फिरतो आणि जास्त आवळल्यास पातळ पाइप चेपतो. येथे पट्टीऐवजी इंग्रजी व्ही आकाराची खोबण असलेला जाड आधार दिला आहे, त्याच्या दोन्ही कडांना दाते आहेत, आणि ते पाइपच्या पृष्ठभागात किंचित रुतत असल्यामुळे माफक ताणातही पाइप जागचा हलत नाही. बसवताना पाइपवर क्लॅम्पच्या कडेला रंगाची आडवी-उभी खूण करून ठेवली होती. नंतर वर चढून पाहिले, तेव्हा पाइप खुणेवरून ना फिरला होता, ना खाली घसरला होता.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० वर गेला की तोच अँटेना चौपट जोराने ढकलला जातो. म्हणूनच दोन हातांमधले उभे अंतर जितके जास्त ठेवता येईल तितके ठेवावे. दोन्ही हात जवळजवळ बसवले, तर चांगल्या क्लॅम्पवरही विनाकारण भार येतो.

तक्रार आहे ती बोल्टांबद्दल. हात आणि आधार वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ केलेले आहेत, पण सोबतच्या यू-बोल्टांवर आणि नटांवर फक्त विजेच्या साहाय्याने चढवलेला जस्ताचा पातळ मुलामा आहे. आटे उघडे असतात तिथे गंज आधी धरतो, आणि या बोल्टांच्या आट्यांवर तांबूस छटा दिसू लागली आहे. ज्या भागावर सगळी पकड अवलंबून आहे, त्याच भागात काटकसर करणे मला अजिबात पटत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घालायचे असतील, तर आट्यांना अँटी-सीझ वंगण लावूनच नट चढवावेत, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस घासून नट मध्येच असा अडकतो की बोल्ट कापावा लागतो. स्प्रिंग वॉशरवरही विसंबू नये. दुहेरी नट किंवा नायलॉनची कडी असलेला नट अधिक भरवशाचा.

हाताची लांबी साधारण अर्धा मीटर आहे. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे दोन मीटर असल्याने हे अंतर पाव तरंगलांबीच्या आसपास येते. इतक्या जवळ उभा असलेला धातूचा टॉवर परावर्तकासारखे काम करतो, त्यामुळे टॉवरच्या विरुद्ध दिशेला संदेश जोरकस जातो आणि टॉवरच्या पलीकडे तो क्षीण होतो. ज्या बाजूला मुख्य संपर्क हवा त्या बाजूच्या पायावर ब्रॅकेट बसवला, तर याचा फायदाच होतो. चारही दिशांना सारखी पोच हवी असेल, तर मात्र अँटेना टॉवरच्या माथ्यावरच न्यावा.

माहितीपत्रकात पाइपचे व्यास दिले आहेत, पण नट किती ताणापर्यंत आवळावेत याचा आकडा कुठेही नाही. जमिनीपासून उंचावर, सेफ्टी बेल्टच्या आधाराने एका हाताने पाना फिरवणाऱ्या माणसाला हा आकडा मिळायलाच हवा.

उभ्या, हलक्या अँटेनासाठी मी हा ब्रॅकेट निःशंकपणे सुचवेन. लांब बूमच्या यागीसाठी (आडव्या दांड्यावर, म्हणजे बूमवर, अनेक कांड्या बसवलेल्या अँटेनासाठी) नाही, कारण वारा कडेने लागला की बूम पाइपला पिळते आणि तो पीळ सोसण्याइतके हे हात जाड नाहीत.